मधूच्या सहीचा दुसरा कागद

मधू गेल्याची बातमी त्याच्या मुलीने, मीनलने, फोनवर दिली, तेव्हा मी नॉटिंगहॅमच्या कौन्सिलला पदपथावरच्या उखडलेल्या फरशीबद्दल चौथे पत्र लिहीत होतो. "काका, डॅडी गेला," एवढेच ती म्हणाली. ती इथेच जन्मलेली. एरवी मी तिचे मराठी दुरुस्त करतो. त्या सकाळी केले नाही. फोन ठेवला, अर्धवट राहिलेले वाक्य पूर्ण केले, पूर्णविराम दिला आणि मग बसून राहिलो... अशा वेळी हात आपले सवयीचे काम करून मोकळे होतात. तीन आठवड्यांनी त्याच्या हॉस्पिटलच्या पत्रिकेत त्याच्यावर चार ओळी छापून आल्या. मनमिळाऊ सहकारी, बागकामाची आवड, भूलशास्त्र विभागात तीस वर्षे, शेवटपर्यंत असोसिएट स्पेशालिस्ट. ज्यांना हा शब्द परिचित नसेल त्यांच्यासाठी सांगतो : कन्सल्टंट म्हणजे विभागातला सर्वांत वरचा डॉक्टर, आणि असोसिएट स्पेशालिस्ट म्हणजे त्याचेच सर्व काम करूनही आयुष्यभर त्याच्या हाताखाली मोजला जाणारा. या देशात कातडीचा रंग पाहून हा हुद्दा वाटला जातो, असे विधान मी अनेकदा लेखी केले आहे आणि ते मागे घेतलेले नाही. त्या चार ओळी वाचून मी संतापाने कागद ओढला, 'डिअर सर' लिहिले, आणि तिथेच थांबलो. मधू कन्सल्टंट का झाला नाही, याचे पूर्ण उत्तर त्या हॉस्पिटलकडे नाही. अर्धे उत्तर माझ्याकडे आहे. ते दहा वर्षे मी कोणाला सांगितले नाही. ते सांगण्यासाठी हा लेख आहे.

आम्ही दोघे एकाच हिवाळ्यात या शहरात आलो. तो पुण्याहून डॉक्टर होऊन थेट हॉस्पिटलात. मी पुण्याचीच कायद्याची पदवी घेऊन आलो, पण ती पदवी इथे कोणी मानीना, म्हणून एका सॉलिसिटरच्या कचेरीत कारकून झालो. मी अविवाहित राहिलो. मधूने आणि सुषमावहिनींनी आपल्या जेवणाच्या टेबलाची चौथी खुर्ची मला देऊन टाकली. आमच्या स्वभावांत काहीही साम्य नव्हते. माणसाला शांत करणे हा त्याचा व्यवसाय. 'आणि तुझा व्यवसाय जाग्या माणसाला झोपू न देण्याचा,' असे तो म्हणे. मला तो वकील म्हणून हाक मारी. मी वकील होऊ शकलो नाही हे त्याला ठाऊक होते आणि ते मला किती लागते हेही ठाऊक होते. तरी म्हणे, आणि त्याच्या तोंडून ते मला कधी लागले नाही.

गावातल्या मराठी घरांची पत्रे लिहिण्याचे काम माझ्याकडे आपोआप आले. कौन्सिलला, शाळेला, होम ऑफिसला, विमा कंपनीला. रागावून कसे लिहावे आणि तरीही शेवटी 'युअर्स फेथफुली' कसे म्हणावे, हे ज्याला उमगत नसे तो माझ्याकडे येई. आणि येताना सही केलेला कोरा कागद घेऊन येई. आपल्या लोकांना यात काही वावगे वाटत नाही. ज्याच्यावर भरवसा त्याच्या हाती सही केलेला कागद ठेवायचा आणि म्हणायचे, 'घाला तुम्ही काय घालायचं ते.' ही रीत मी कचेरीतल्या एका इंग्रज सहकाऱ्याला सांगितली, तेव्हा तो खुर्चीत ताठ झाला. कोऱ्या कागदावरची सही म्हणजे काय, हे मला त्याच्यापेक्षा कमी ठाऊक नव्हते. पण माझ्या फायलीत दहा-बारा घरांच्या सह्या पडलेल्या असत आणि त्यांचा मला अभिमान होता, हेही खरे.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, एका ऑगस्टमध्ये, मधूने गाडीने फ्रान्सला जायचे ठरवले. तंबू घ्यायचा, आडरस्त्यांनी खेड्यापाड्यांतून मुक्काम करत पश्चिमेकडे जायचे, समुद्रापर्यंत. "हॉटेल नको, घाई नको, आणि वकिलाने कोणाशी भांडायचं नाही," असे त्याने जाहीर केले. त्या काळी भारतीय पासपोर्टवर फ्रान्ससाठी व्हिसा लागे. वहिनींचा पासपोर्ट लग्नाआधीचा, शकुंतला या नावाचा, आणि पुढेही त्याच नावाने नवा होत गेलेला. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने सुषमा हे नाव लिहिले गेले ते इंग्लंडमधल्या साऱ्या कागदांवर. ही दोन बायकांची नावे नसून एकाच बाईची आहेत, हे फ्रेंच दूतावासाला समजावणारे पत्र मी लिहावे, म्हणून मधूने आपले नाव-पत्ता छापलेले दोन कोरे कागद सही करून दिले. दोन अशासाठी, की एक खराब झाला तर हाताशी दुसरा असावा. पहिल्या कागदावर काम झाले. व्हिसा मिळाला. दुसरा कागद माझ्या फायलीत राहिला, आणि ती फाईल, सरहद्दीवर कोणी अडवले तर असावी म्हणून, मी बरोबर घेतली.

आमची गाडी इंग्रजी, म्हणजे चालक उजवीकडे. आणि फ्रान्समध्ये गाड्याही रस्त्याच्या उजवीकडून चालतात. त्यामुळे पुढे ट्रॅक्टर किंवा ट्रक आला की चालकाला समोरचा रस्ता दिसतच नाही. डावीकडे बसलेल्याने वाकून पाहायचे आणि सांगायचे. ते आसन माझे होते. "जाऊ?" मधू विचारी. "थांब... थांब... जा," मी म्हणे, आणि तो क्षणाचाही विचार न करता गाडी बाहेर काढी. दुतर्फा झाडांच्या सरळ रांगा, मग वळणे, मग सूर्यफुलांची शेते, आणि त्यातून हा मनुष्य केवळ माझ्या शब्दावर आपली बायको, मुलगी आणि स्वतःचा जीव समोरून येणाऱ्या गाड्यांपुढे नेत होता. दुसऱ्या दिवशी वहिनी मागून म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही 'जा' म्हणालात की मी डोळे मिटते." मधू हसला. "मी उघडे ठेवतो, पण त्याचा काही उपयोग नाही."

तिसऱ्या संध्याकाळी आम्ही एका गावाच्या नदीकाठच्या कॅम्पिंगवर उतरलो. तंबू ठोकून झाला. गॅसच्या शेगडीवर वहिनींनी कुकर लावला, आणि त्याची पहिली शिट्टी होताच शेजारच्या तंबूतले म्हातारे जोडपे दचकून उभे राहिले, मीनल धावत जाऊन "राईस, राईस!" असे हातवारे करून सांगून आली. ऊन अजून रेंगाळत होते. मधू घडीच्या खुर्चीत पाय पसरून बसला होता, आणि काहीतरी गमतीचे सांगावे तशा स्वरात त्याने त्या वसंतात झालेल्या मुलाखतीची गोष्ट सांगितली. कन्सल्टंटच्या जागेसाठी ती त्याची तिसरी मुलाखत. अध्यक्षस्थानी त्याचाच विभागप्रमुख. त्याने विचारले, 'डॉक्टर, आमच्या म्हाताऱ्या रुग्णांना तुमचं बोलणं समजेल का?'

"मग तू काय म्हणालास?"

"मी म्हटलं, मी भूल देतो. माझं बोलणं ऐकून ते लगेच झोपतात." आणि तो हसला.

"आणि जागा?"

"दिली एका पोराला. मीच शिकवलेला. चांगला आहे पोरगा."

"मधू, हा सरळसरळ भेदभाव आहे. याला कायदा आहे. तू तक्रार केलीस?"

"वकील, भात झालाय. जेवायला चल."

मी जेवलो, पण काय जेवलो ते मला कळले नाही. सकाळी सर्वांच्या आधी उठलो. दव पडलेले, नदीवर धुके. फाईल काढली ती आपल्या मनातल्या मनात मुद्दे मांडावेत एवढ्यासाठी, असे मी स्वतःला सांगितले. पण तिच्यात तो कागद होता. खाली सही, वर सर्व मोकळे. कॅम्पिंगच्या लाकडी टेबलावर बसून मी त्या कागदावर, मधूचे हॉस्पिटल ज्याच्या अखत्यारीत होते त्या आरोग्य प्राधिकरणाच्या अध्यक्षांना पत्र लिहिले. तो प्रश्न शब्दशः घातला, विभागप्रमुखाचे नाव घातले, कायद्याचा आधार घातला, चौदा दिवसांत उत्तर मागितले. माझ्या आयुष्यात मी इतके चांगले पत्र लिहिलेले नाही. दुसऱ्याच्या नावाने, त्याला न विचारता, त्याच्या सहीवर... जो मनुष्य सारी हयात इतरांना कायदा शिकवत आला त्याने हे केले, आणि करताना त्याला वाटत होते की आपण न्याय करतो आहोत. गावाच्या चौकात मेयरच्या कचेरीच्या भिंतीवर पिवळी टपालपेटी होती. पाकिटामागे पाठवणारा म्हणून मधूचे नाव, आधी 'डॉक्टर' लावून, लिहिले. टपाल चार वाजता नेले जाते, हे पेटीवर वाचले. बेकरीतून पाव आणि तिकीट घेतले, पाकीट पेटीत टाकले, पाव घेऊन परत आलो. वहिनी म्हणाल्या, "आज स्वारी खुशीत दिसते."

आम्ही दहाच्या सुमारास निघालो. बारा वाजता एका टेकडीवर जेवायला थांबलो. वहिनी आणि मीनल डबे उघडत होत्या. मधूने मला गाडीच्या मागे नेले आणि खालच्या आवाजात म्हणाला, "वकील, एक सांगतो, अजून सुषमालाही बोललेलो नाही. ग्लासगोला मला कन्सल्टंट घेतायत."

मी घड्याळ पाहिले.

"तोंडी झालंय सगळं. फक्त माझ्या विभागप्रमुखाची शिफारस जायची आहे. तो देतो म्हणालाय. काल मी तुला ते सगळं हसून सांगितलं ना, ते म्हणूनच. आता मला त्याच्याशी भांडायचंच नाही. समुद्र दिसला की सुषमाला सांगायचं, असं मनात ठरवलंय. तिला ती किनाऱ्यावरची घरं आवडतात. ग्लासगोहून समुद्र जवळ आहे, म्हणेन."

त्याचा चेहरा मी तसा त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. पन्नाशीच्या उंबरठ्यावरचा मनुष्य वर्गात पहिला आलेल्या मुलासारखा दिसत होता. मी त्याचे अभिनंदन केले. होय, केले. हात हातात घेतला. मग आम्ही जेवलो, गाडीत बसलो आणि पश्चिमेकडे निघालो, आणि मी वीस मैल गप्प बसलो. हे वीस मैल मला आज सर्वांत जास्त छळतात. पत्र संतापात लिहिले, असे म्हणता येईल. त्या वीस मैलांना मात्र माझ्याकडे कोणताही बचाव नाही. मी घड्याळ पाहत होतो, चार वाजायला किती अवकाश आहे ते मोजत होतो आणि प्रत्येक मैल आम्हांला त्या पेटीपासून दूर नेत होता.

"मधू, गाडी थांबव."

"का रे, गाडी लागली का?"

"थांबव म्हणतो ना."

सूर्यफुलांच्या शेताच्या कडेला आम्ही दोघे उतरलो. मी सर्व सांगितले. फिर्यादीत मांडतात तसे क्रमाने सांगितले, कारण दुसऱ्या कोणत्याही रीतीने मला ते सांगता आले नसते. तो ऐकत होता. मध्ये एकदाच त्याने विचारले, "सही खाली होती ना? तो दुसरा कागद?" मी होय म्हटले. तो शिव्या देईल, मला मारील, असे मला वाटत होते. तो गाडीत जाऊन बसला आणि त्याने गाडी वळवली.

"अगं बाई, उलटं कुठे?" वहिनी म्हणाल्या.

"त्या गावाला परत. वकिलाचं एक पत्र पेटीत पडलंय."

"मग पडू दे की! त्यांची रोजच पडतात."

"हे माझ्या सहीचं आहे."

 तास-दीड तासाने रस्त्यावर गवताच्या गाठोड्यांनी भरलेला ट्रॅक्टर आला, निम्मा रस्ता अडवणारा, चालण्याच्या गतीने जाणारा. मधूने समोरून नजर न काढता विचारले, "जाऊ?"

मला वाकून पाहता येईना. हिंमत होत नव्हती. जो मनुष्य सकाळी याच्या सहीवर हवे ते लिहून आला त्याच्या शब्दावर हा अजूनही गाडी बाहेर काढणार होता! "थांब," मी म्हणालो. समोर वळण होते. "थांब." मागून मीनल घाबरून "डॅड..." म्हणाली. मग रस्ता सरळ झाला. मी म्हणालो, "जा." तो गेला. असे सात-आठ वेळा झाले. प्रत्येक वेळी त्याने विचारले आणि प्रत्येक वेळी तो माझ्या शब्दावर गेला. त्याच्या आवाजात काही फरक पडला नव्हता, याचीच मला भीती वाटत होती.

चौकात पोचलो तेव्हा चार वाजायला चार-पाच मिनिटे होती आणि टपाल नेणारी बाई पेटीचे दार उघडून पत्रे पिशवीत भरत होती. चाळिशीची, उन्हाने रापलेली, तोंडात कसलेसे गाणे. मीनल पंधरा वर्षांची, शाळेत फ्रेंच शिकणारी. तिला आम्ही पुढे केले. बाईने ऐकून घेतले. पाकीट शोधले, बाहेर काढले आणि हातात धरून ठेवले. आमच्यापासून ते हातभर अंतरावर होते.

"ती म्हणते, कोणाचा पत्र आहे?" मीनल म्हणाली. मधूने पासपोर्ट पुढे केला. बाईने पाकिटामागचे नाव आणि पासपोर्टवरचे नाव ताडून पाहिले, मान हलवली आणि आपली वही आणि पेन त्याच्यापुढे धरले. पत्ता लिहून दाखवा. तिचे बरोबर होते. मी तिच्या जागी असतो तर हेच केले असते. मधूने लिहिले. डॉक्टरांचे अक्षर ते. पाकिटावरचा पत्ता माझ्या कचेरीतल्या अक्षरात, ओळीत बसवलेला. बाईने दोन्ही शेजारी धरून ओठ मुरडले, पण ती चिडलेली नव्हती. मीनलने घाईघाईने काहीतरी सांगितले, माझ्याकडे बोट दाखवून. नंतर कळले की ती म्हणत होती, हे काका आमच्या सगळ्यांची पत्रे लिहितात. बाई हसली. वही माझ्याकडे वळवली, आणि हसत हसत मधूकडे पाहून काहीतरी बोलली.

"काय म्हणाली?" मी विचारले.

"ती विचारते, डॉक्टरला लिहिता येत नाही का?"

एवढेच. थट्टा होती ती. वही माझ्यापुढे होती, मी चार ओळी लिहायच्या होत्या. पण मला त्या वाक्यात ती मुलाखत ऐकू आली, तो विभागप्रमुख ऐकू आला, आणि कालपासून साचलेले सर्व तोंडातून बाहेर पडले. मी इंग्रजीत ओरडलो. तू सरकारी नोकर आहेस, पत्र पाठवणाऱ्याचा हक्क काय असतो ते तुला माहीत नाही, या माणसाने एका शहराला वीस वर्षे जिवंत ठेवले आहे, तुझे नाव सांग, तुझ्या वरिष्ठांना लिहितो. तिला इंग्रजी येत नव्हते. त्याची आवश्यकताही नव्हती. तिचा चेहरा पेटीच्या दारासारखा बंद झाला. तिने वही ओढून घेतली, पाकीट पिशवीत टाकले, पेटीला कुलूप लावले.

"काका, शी वॉज ओन्ली जोकिंग!" मीनल रडकुंडीला येऊन म्हणाली. "देत होती ती! ती देत होती!"

बाई पिवळ्या व्हॅनमध्ये बसली. मधूने पुढे होऊन, खिडकीशी वाकून, "मर्सी" म्हणून तिचे आभार मानले. कशाबद्दल, ते मी कधी विचारले नाही. मग आमच्याकडे वळून तो म्हणाला, "चला. समुद्र राहिलाय."

दोन दिवसांनी आम्ही समुद्रावर पोचलो. ओहोटी लागली होती आणि पाणी दूर गेले होते. मधू पँट गुडघ्यापर्यंत दुमडून एकटाच ओल्या वाळूतून चालत गेला. मी वहिनींकडे पाहणे टाळत तंबूच्या खुंट्या ठोकत राहिलो.

कोणी म्हणेल, फोन करून सांगायचे होते की पत्र आपले नाही. मीही तेच म्हटले. त्याच किनाऱ्यावर मी एक निवेदन लिहिले : पत्र माझे, सहीचा मी गैरवापर केला, डॉक्टर निर्दोष. मधूने ते वाचले, घडी घातली आणि खिशात ठेवले.

"हे दिलं तर तुझं काय होईल?"

"नोकरी जाईल. कदाचित खटलाही होईल. ते योग्यच आहे."

"आणि मी कोरा कागद सही करून दिला, काय लिहिणार ते विचारलं नाही. त्याबद्दल कायदा काय म्हणतो?"

"कायदा म्हणतो, सही करणाराच बांधला जातो. पण मधू..."

"मग झालं. सही माझीच आहे."

मी ऐकले. मित्राचा शब्द मोडवेना म्हणून ऐकले, असे मी बरीच वर्षे स्वतःला सांगत आलो. खरे कारण असे की, ऐकणे सोयीचे होते. निवेदनाची दुसरी प्रत काढायला मला कोणी मनाई केली नव्हती.

सप्टेंबरात त्याला बोलावणे आले. सही तुमची का? त्याने होय म्हटले. तक्रार मागे घेता का? होय. पण वाचलेले पत्र मागे घेता येत नाही. विभागप्रमुखाने ग्लासगोला शिफारस पाठवली. तिच्यात चुकीचे काहीही नव्हते आणि चांगलेही काही नव्हते, असे नंतर तिथल्या एका माणसाने मधूला खासगीत सांगितले. ऑक्टोबरात ग्लासगोचे दिलगिरीचे पत्र आले. मधू आणखी नऊ वर्षे त्याच विभागात, त्याच माणसाच्या आणि मग स्वतः शिकवलेल्या त्या पोराच्या हाताखाली राहिला. वहिनींनी मला येऊ नका असे कधी म्हटले नाही. चौथी खुर्ची तशीच राहिली, पानात वाढणे तसेच. फक्त त्या प्रवासानंतर त्यांनी मला भाऊजी म्हणणे सोडले. दुसरेही काही म्हटले नाही. दहा वर्षे त्या मला कोणत्याही संबोधनाशिवाय चहा देत आल्या.

मधूने मात्र एक अट घातली. यापुढे कोणतेही पत्र, कौन्सिलला असो की पंतप्रधानांना, पेटीत टाकण्याआधी त्याला वाचून दाखवायचे. रविवारी सकाळी मी फाईल घेऊन त्याच्या स्वयंपाकघरात जाई. तो सिंककडे तोंड करून बागेतल्या मुळ्यांची माती धूत ऐके. माझे पूर्ण वाचून झाले की तो दोनांतला एकच शब्द बोले : "टाक" किंवा "उद्या". उद्या म्हणजे उद्या पुन्हा वाच. उद्या म्हटलेल्या पत्रांपैकी निम्मी मी कधी टाकली नाहीत. आजारपणात तो अंथरुणातून ऐकायचा. शेवटच्या रविवारी मी फरशीचे तिसरे पत्र वाचले आणि तो डोळे मिटून होता. झोप लागली असे समजून मी कागद आवरू लागलो तर म्हणाला, "टाक. फरशी खरंच वाईट आहे."

हा लेख लिहून झाला, तेव्हा रविवार होता. सवयीने फाईल घेतली आणि त्याच्या घरी गेलो. वहिनींनी दार उघडले. मी म्हणालो, "एक लिहिलंय. छापायला देण्याआधी वाचून दाखवायचं आहे. तुम्हांला." त्या स्वयंपाकघरात गेल्या, खुर्चीत बसल्या. मी उभा राहूनच वाचले. कागदाची घडी, पिवळी पेटी, वीस मैल, सर्व. मध्ये दोनदा थांबलो, पुन्हा वाचले.

वाचून झाल्यावर बराच वेळ त्या टेबलावरचा टेबलक्लॉथ सारखा करत होत्या. मग म्हणाल्या, "समुद्रावर एकटेच फिरत होते असं लिहिलंत. संध्याकाळी मीही गेले होते. तेव्हाच सांगितलं मला त्यांनी, ग्लासगोचं पण आणि तुमचं पण. आणि म्हणाले, त्याला यातलं काही बोलायचं नाही. मी नाही बोलले."

"हो."

"सप्टेंबरात त्या मीटिंगहून आले, तेव्हा मी विचारलं, काय होतं हो त्या पत्रात? तर म्हणाले, इंग्लिश फार सुंदर होतं." त्या किंचित हसल्या, आणि ते हसू लगेच गेले. "लेख लांब झालाय. पण खोटं काही नाही. द्या छापायला."

मी कागद गोळा करू लागलो.

"थांबा," त्या म्हणाल्या. "मी तुम्हांला माफ केलेलं नाही. तेही लिहा."

मी त्याच टेबलावर बसलो, पेन काढले आणि त्यांच्यासमोर ते लिहिले.